‘माझीच चूक’: एका करवतीचा आणि एका वाक्याचा इतिहास

मिस्त्रींच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शेवटचं पेर नाही. पहिल्या दिवशी मला ते दिसलं नाही, कारण पट्टी धरताना ते बोट ते सवयीने आत मुडपून घेतात. दुसऱ्या दिवशी चहाचा ग्लास घेताना दिसलं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, “माझीच चूक, ताई. लक्ष नव्हतं.” आणि विषय संपला.

माझा विषय यंत्रांच्या सुरक्षेचा इतिहास आहे. म्हणजे बहुतेक दिवस मी जुन्या अहवालांच्या पानांमध्ये असते. पण गाईड म्हणाले, ज्या यंत्राबद्दल लिहितेस ते चालताना तरी बघ एकदा. म्हणून चार माणसं काम करतात अशा एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये मी पंधरा दिवस जाऊन बसले. तिथे फोटोफ्रेम आणि दारांच्या पट्ट्या 45 अंशांत कापायला एक मायटर सॉ होता. तिथे त्याला कुणी मायटर सॉ म्हणत नाही, “कटर” म्हणतात. पात्यावरचं प्लॅस्टिकचं गार्ड तारेने वर बांधून ठेवलेलं होतं.

माझ्या वहीत त्या दिवशी तीनच ओळी आहेत. गार्ड बांधलेलं. पेर नाही. “माझीच चूक.” हे तिन्ही एकत्र कसे आले हा खरा प्रश्न आहे, पण त्या दिवशी मला तो प्रश्न वाटलाच नाही. उत्तर मिळालं असं वाटलं. संशोधनाच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, म्हणून आज या तीन ओळींबद्दलच लिहिते.

आधी यंत्र बघू. तुमच्यापैकी अनेकांना “साधन” म्हटलं की कागदच आठवतो. पण यंत्रही वाचता येतं. दहा इंची मायटर सॉचं पातं मिनिटाला साधारण 5000 फेरे घेतं. हिशोब करून बघा, दाताचं टोक ताशी 240 किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असतं. लाकूड मागच्या उभ्या टेकणाला लावायचं, एका हाताने धरायचं, दुसऱ्या हाताने मूठ खाली आणायची. मूठ सोडली की स्प्रिंगमुळे डोकं आपोआप वर जातं. डोकं वर गेलं की खालचं गार्ड आपोआप पात्यावर उतरतं. बटणावरचं बोट काढलं की मोटर बंद. म्हणजे माणूस घाबरला, दचकला, चक्कर येऊन पडला, तरी यंत्राने आपणहून निरुपद्रवी व्हावं अशी ही सगळी रचना आहे.

सोबतच्या पुस्तिकेतल्या सूचनाही अशाच वाचायच्या. पात्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 15 सेंटिमीटरच्या आत हात आणू नका, तुकडा त्याहून लहान असेल तर क्लॅम्प लावा. हातावर हात ओलांडून धरू नका. पातं पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला टेकवा. कापून झाल्यावर बटण सोडा, पातं थांबू द्या, मगच डोकं वर उचला. फळीला बाक असेल तर फुगीर बाजू टेकणाकडे ठेवा, नाहीतर कापताना फट मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. हातमोजे घालू नका. पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. वाचायला कंटाळवाणी यादी आहे खरी. पण यातली प्रत्येक सूचना एका विशिष्ट प्रकारे होणाऱ्या अपघाताचं वर्णन आहे, फक्त उलट बाजूने लिहिलेलं. “पातं थांबल्यावरच उचला” याचा अर्थ असा, की कापलेला सुटा तुकडा वर येणाऱ्या फिरत्या पात्यात अडकतो आणि गोळीसारखा उडतो. तुम्हाला जुन्या अपघातांची नोंद सापडत नसेल, तर सूचनांची यादी उलटी करून वाचा. बरंच काही मिळतं.

आता थोडं मागे जाऊ. गोल करवतीचा “पहिला शोध कुणी लावला” यावर वाद आहे. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरचं 1777 चं पेटंट आहे, त्यात गोल पात्याचा उल्लेख येतो. अमेरिकेत टॅबिथा बॅबिट या शेकर पंथातल्या बाईंनी 1813 च्या सुमारास चरखा बघून ही कल्पना काढली अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पुरावा पातळ आहे. (पहिला कोण, या प्रश्नात मी एक पूर्ण महिना घालवला. तुम्ही घालवू नका. त्याचं उत्तर मिळालं असतं तरी माझ्या प्रबंधातलं एक वाक्यही बदललं नसतं.)

माझ्या कामाचा भाग सुरू होतो तो 1922 पासून. न्यू जर्सीतल्या ब्रिजटनमध्ये लाकडाची मिल चालवणाऱ्या रेमंड डीवॉल्टने एक यंत्र केलं: लाकूड टेबलावर स्थिर, आणि मोटर-पातं वरच्या आडव्या दांड्यावरून पुढे-मागे सरकणारं. हा रेडियल आर्म सॉ. 1925 मध्ये पेटंट मिळालं. त्यात कापताना पातं स्वतःकडे ओढायचं असतं. पात्याचे खालचे दात मागे जात असतात, त्यामुळे पातं लाकडावरून चाकासारखं पुढे, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगावर, धावू बघतं. रोजच्या सवयीचा माणूस मनगट ताठ ठेवून ते आवरतो. नवखा माणूस गोंधळतो.

1964 मध्ये अमेरिकेतल्या रॉकवेल कंपनीने पहिला विजेवर चालणारा मायटर सॉ बाजारात आणला. त्यात पातं सरकत नाही, बिजागरीवरून खाली येतं, सुतार विळीवर नारळ न फोडता कोयत्याने फोडतो तसं म्हणा. लाकूड खाली आणि मागे, टेकणाकडे दाबलं जातं. अंगावर धावण्याचा प्रश्न बराचसा मिटला. पुढे रुंद फळ्यांसाठी सरकणारे मायटर सॉ आले, तेव्हा तो प्रश्न परत आला. म्हणून त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं: आधी डोकं रिकामं आपल्याकडे ओढा, मग खाली दाबा, मग मागे ढकलत कापा. ओढत कापू नका. एका यंत्राची सवय दुसऱ्या यंत्रावर जिवावर बेतू शकते, हे त्या एका ओळीत आहे.

गार्डचं काय? अमेरिकेत 1958 ते 1992 या काळात विकलेल्या एका प्रसिद्ध ब्रँडच्या रेडियल आर्म सॉना पूर्ण पातं झाकणारं गार्डच नव्हतं. 2000 साली ते परत बोलावले गेले, नवं गार्ड बसवायला. संख्या होती सुमारे 37 लाख. यावर एक मिनिट थांबा. चौतीस वर्षं ही यंत्रं विकली गेली आणि त्यावर कुणाचं बोट गेलं, तर घरचे काय म्हणाले असतील? लक्ष नव्हतं.

कायदा तरी यंत्राच्या बरोबरीने चालतो का? अमेरिकेत कामगार सुरक्षेचा मोठा कायदा 1970 चा. त्याखाली लाकूडकामाच्या यंत्रांचे जे नियम लागू झाले, ते नव्याने लिहिलेले नव्हते. ते 1954 सालच्या एका प्रमाणसंहितेवरून घेतले, जी 1961 मध्ये तशीच पुन्हा मान्य केली होती. आणि मायटर सॉ आला 1964 मध्ये. म्हणजे नियम यंत्राहून जुने. त्यात रेडियल सॉ आहे, मायटर सॉ नावानिशी नाही. मला हे लक्षात आलं तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले होते. पण सांगायचा मुद्दा हसण्याचा नाही. कायद्याच्या पुस्तकात एखादं यंत्र सापडलं नाही, तर “धोका नव्हता” असा निष्कर्ष काढू नका. आधी तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा.

आता त्या वाक्याकडे येते. “माझीच चूक” हे मिस्त्रींचं वाक्य आहे असं मी धरून चालले होते. पण हे वाक्य कोर्टात फार जुनं आहे. इंग्लंडमध्ये 1837 साली प्रिस्टली विरुद्ध फाउलर हा खटला झाला. एका खाटकाकडे कामाला असलेला मुलगा, जास्त माल भरलेली गाडी मोडली, त्याची मांडी मोडली. ज्यूरीने भरपाई दिली, वरच्या कोर्टाने ती काढून घेतली. तर्क असा होता, की गाडी पेलेल की नाही हे मालकाइतकंच, किंबहुना जास्त, नोकराला कळत होतं. नको होतं तर जायचं नव्हतं. इथून पुढे कित्येक दशकं इंग्लंड-अमेरिकेत मालकांच्या हातात हे हत्यार राहिलं: कामगाराने धोका माहीत असून पत्करला, किंवा तो स्वतः निष्काळजी होता, किंवा चूक त्याच्या सोबत्याची होती. तिन्हीत मालक कुठेच नाही.

दुसरी धार त्याच काळात तयार होत होती. 1844 च्या ब्रिटिश फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांमधल्या धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं. हो, कुंपणच, शेताला घालतात तसं. मालकांनी काय म्हणावं? की सात फुटांपेक्षा उंच फिरणाऱ्या दांड्यांना कुंपण कशाला, तिथे हात पोचतोच कुणाचा? निरीक्षक म्हणाले, पट्टा चढवायला माणूस वर चढतो तेव्हा पोचतो. 1855 मध्ये मालकांनी या तरतुदीविरुद्ध संघटना काढली. चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकाने तिची टर उडवली, ‘कामगारांचे लचके तोडणाऱ्यांची संघटना’ अशा अर्थाचं नाव ठेवून. हॅरिएट मार्टिनो यांच्यासारख्या नावाजलेल्या लेखिका मालकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. 1856 मध्ये तरतूद सैल झाली. हा वाद जरूर वाचा, दोन्ही बाजूंचा. त्यात अपघातांची संख्या हाच पुरावा आहे आणि त्याच संख्येवरून दोघं उलट निष्कर्ष काढतात.

शंभर वर्षांनी, 1955 मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर समर्स विरुद्ध फ्रॉस्ट हा खटला आला. सहाणेच्या चाकावर एका कामगाराचा अंगठा जखमी झाला होता. कंपनी म्हणाली, चाक पूर्ण झाकलं तर यंत्र वापरताच येणार नाही. निकाल असा लागला, की सुरक्षित कुंपण म्हणजे सुरक्षित कुंपण. त्यामुळे यंत्र निरुपयोगी होत असलं तरी कर्तव्य सुटत नाही. वाचताना मी थबकले, कारण कंपनीचं म्हणणं मी आधी ऐकलं होतं. वर्कशॉपमध्ये, मिस्त्रींच्या तोंडून. “ताई, गार्ड लावलं की रेघ दिसत नाही.”

भारतात हे शब्द जसेच्या तसे आले. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 मध्ये धोकादायक भागांना भक्कम कुंपण, आणि यंत्र चालू असताना ते सतत जागेवर, असं स्पष्ट होतं. पण त्याच्या आधीचं एक पान मराठी वाचकाला माहीत असायला हवं. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक असते, शाळेच्या पुस्तकात असते. पण त्यात आणखी एक मागणी होती: काम करताना जबर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय व्हावी. या मागणीत चूक कुणाची हा प्रश्नच नाही. इजा कामावर झाली एवढं पुरे. भारतात नुकसानभरपाईचा कायदा आला 1923 मध्ये, म्हणजे 39 वर्षांनी.

त्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा तक्ता होता. अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता 30 टक्के कमी झाली असं धरतात. तर्जनी पूर्ण गेली तर 14. मधलं बोट 12. अनामिका किंवा करंगळी 7. तर्जनीचं एक पेर, 9 टक्के. मी तो तक्ता आधी कितीतरी वेळा उघडला होता, तळटीप म्हणून वापरलाही होता. चहाच्या ग्लासाभोवतीचं ते बोट बघितल्यानंतर मात्र 9 हा आकडा वाचता येईना. सुताराची तर्जनी आणि कारकुनाची तर्जनी तक्त्यात एकच असते, हेही तेव्हाच पहिल्यांदा खटकलं.

मिस्त्रींना काही मिळालं का? नाही. त्यांनी मागितलंही नाही. आणि कलम 21 चा निरीक्षक त्या वर्कशॉपमध्ये कधी आला का? तोही नाही, कारण त्याने यायचंच नव्हतं. इथे मला माझ्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा तक्ता मिळाला, आणि तो अगदी साधा आहे. कारखाना कुणाला म्हणायचं? 1881 च्या पहिल्या कायद्यात यंत्रशक्ती आणि 100 कामगार असतील तर. 1891 मध्ये 50. 1922 मध्ये 20. 1948 मध्ये 10. कायद्याचं जाळं दर पिढीला बारीक होत गेलं. मग 2015 मध्ये महाराष्ट्राने ती मर्यादा पुन्हा 20 केली, आणि 2020 च्या केंद्रीय संहितेतही 20 च आहे. म्हणजे जाळ्याची भोकं परत 1922 इतकी. लहान ठिकाणांनाही नियम लावायचा अधिकार राज्य सरकारला असतो, पण तो वापरावा लागतो. चार माणसांचं वर्कशॉप या सबंध 140 वर्षांत एकदाही आपोआप कायद्यात आलेलं नाही. आणि विजेवर चालणारी हलकी, स्वस्त, कुठेही उचलून नेता येणारी करवत नेमकी अशाच ठिकाणी जाते.

जिथे निरीक्षक जात नाही तिथे नोंद होत नाही. जिथे नोंद नाही तिथे इतिहासकाराला अपघात दिसत नाही. मी सुरुवातीला वार्षिक अहवालांतले लाकूडकामाचे आकडे घेऊन सुंदर आलेख काढला होता. गाईडनी बघितला आणि एवढंच विचारलं, “यात तुझे मिस्त्री कुठल्या बिंदूत आहेत?” आलेख आता परिशिष्टात आहे, आणि त्याचं शीर्षक बदललं आहे. आधी होतं ‘लाकूडकामातील अपघात’. आता आहे ‘नोंदलेले अपघात’.

नोंद असते तिथेही एक गोची असते. कारण लिहायला रकाना एकच असतो, आणि त्यात बसेल असं सगळ्यात छोटं कारण म्हणजे निष्काळजीपणा. “गार्ड काढले होते” हे वाक्य तर हमखास कामगाराच्या विरोधात वाचलं जातं. मी तुम्हाला सुचवेन, अशी नोंद सापडली की तिथे थांबू नका. गार्ड का काढलं होतं? रेघ दिसत नव्हती म्हणून? भुशाने प्लॅस्टिक आंधळं झालं होतं म्हणून? स्प्रिंग तुटल्यावर नवी आणायला पैसे दिले नाहीत म्हणून? तुकड्यावर मजुरी होती म्हणून? ही चार कारणं चार वेगवेगळे इतिहास आहेत, आणि रकान्यात ती एकसारखी दिसतात.

याच वादाची अलीकडची आवृत्ती टेबल सॉवर चालू आहे. स्टीव्ह गॅस या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1999 मध्ये असं तंत्र काढलं, की कातडीचा स्पर्श होताच पातं काही हजारांश सेकंदांत अडकून थांबतं. प्रात्यक्षिकाला तो बोटाऐवजी सॉसेज वापरायचा. मोठ्या कंपन्यांनी ते घेतलं नाही, मग त्याने स्वतःची कंपनी काढली. 2010 मध्ये बॉस्टनच्या ज्यूरीने जखमी कामगाराला पंधरा लाख डॉलर मंजूर केले; हे तंत्र उपलब्ध असून न वापरणं हा यंत्रातला दोष, असा त्याचा दावा होता. विरोधकांचं म्हणणंही बिनबुडाचं नाही: किंमत वाढते, पेटंट एकाच्याच हातात राहतं. मला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. ज्या दिवशी “थांबवता आलं असतं” हे शक्य झालं, त्या दिवशी “लक्ष नव्हतं” हे वाक्य अपुरं पडायला लागलं. चुकीची व्याख्या तंत्रज्ञानाबरोबर सरकते. 1837 च्या गाडीबद्दल जे पटण्यासारखं वाटत होतं, ते आज वाटत नाही.

शेवटच्या आठवड्यात मी मिस्त्रींना परत विचारलं. या वेळी “कसं झालं” असं विचारलं नाही, “चूक कुणाची” असंही नाही. “त्या दिवशी काय कापत होतात?” एवढंच विचारलं. ते हातातलं काम थांबवून बसले, आणि वीस मिनिटं बोलले.

फ्रेमच्या पट्ट्या होत्या, सागाच्या, बोटभर लांबीचे कोपऱ्याचे तुकडे. चाळीस नग. दुसऱ्या दिवशी सकाळी माल द्यायचा होता. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मशीनसोबत आलेला क्लॅम्प मोठ्या पट्ट्यांसाठी ठीक होता, एवढे लहान तुकडे त्यात बसतच नव्हते. मग ते फळीचा एक उरलेला तुकडा पुढे लावून त्याच्या आधाराने पकडत होते, बाकी सगळे तसंच करायचे. बल्ब मागे होता, त्यामुळे पात्याची सावली नेमकी रेघेवर पडायची. गार्ड त्याआधी महिनाभर बांधलेलं होतं. पहिल्यांदा कुणी बांधलं ते आठवत नाही. अडतिसावा तुकडा होता.

मी लिहून घेत होते. ते माझ्या वहीकडे बघत म्हणाले, “हे सगळं कशाला लिहिता? चूक माझीच होती.” मग जरा वेळाने स्वतःच उठले, भिंतीकडे गेले आणि बल्बची वायर ओढून दाखवली, “इथे होता तेव्हा. आता पुढे घेतलाय बघा.” बल्ब खरंच यंत्राच्या पुढच्या बाजूला होता. पंधरा दिवस मी त्याच्याच उजेडात लिहीत बसले होते.